फळ्यावर आलेलं नाव

सोलापुरात होटगी रोडवर शरणबसव बिराजदारांचं पाण्याच्या टाक्यांचं दुकान आहे. नळाला रोज पाणी येत नाही त्या गावात टाकीवाल्याला काय कमी! गिऱ्हाईक पाण्याच्या नावानं बोटं मोडायला लागलं की शरणबसवही मनापासून हळहळतात, आणि हळहळता हळहळता त्याच्या गळ्यात एक साइज मोठी टाकी मारतात. माणूस तसा वाईट नाही. सकाळी कपाळाला विभूती लावल्याशिवाय शटर वर जात नाही, आणि गल्लीत कुणाचं लग्न असो की मर्तिक, पहिली खुर्ची हेच उचलणार. खोड एकच. आपल्याला गणितातलं सगळं कळतं असं लोकांना वाटावं म्हणून ते गेली कित्येक वर्षं जिवाचा आटापिटा करतायत.

"आमच्या टायमाला गणितात आमी वाघ होतो," हे वाक्य त्यांनी बायकोला लग्नानंतर लगेच ऐकवलं, मेहुण्यांना ऐकवलं, आणि टाकीचा व्हॉल्व बसवायला येणाऱ्या प्लंबरलाही दर खेपेला ऐकवतात. प्लंबर बिचारा मान डोलावतो. त्याला काय, कामाशी मतलब.

आता वाघाची खरी हकिकत ऐका. शरणबसवांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं, कन्नड आणि मराठी एकाच ताटात जेवणारं. तिथल्या शाळेत तिप्पण्णा मास्तर नावाचं एक प्रकरण होतं. हे मास्तर छडी फारशी वापरत नसत. त्यांच्याकडं त्याहून जालीम औषध होतं. गणित चुकलेल्या पोराचं नाव ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत आणि शाळा सुटेपर्यंत कुणाला पुसू देत नसत. वर्गाची खिडकी रस्त्यावर उघडायची. हापशावर चाललेल्या बायका, शेतावरून परतणारे गडी, ज्याला अक्षर ओळखता येईल तो डोकावून वाचायचा. आठवीत शरणबसवचं नाव तिथं आलं, आणि संध्याकाळी त्यांच्या वडलांना, शंकरप्पांना, देवळाच्या कट्ट्यावर कुणीतरी कन्नडातून विचारलं, पोरगं मठ्ठ आहे काय हो तुमचं? शंकरप्पा घरी आले ते पायातलं हातात घेऊनच.

त्या दिवसापासून शरणबसवनं गणितात स्वतःच्या डोक्यानं काही लिहिणं बंद केलं. गाइड आणलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ केलं. प्रमेयं तर अशी पाठ, की झोपेतून उठवलं तरी "समजा, त्रिकोण एबीसी" म्हणून सुरू व्हायचे. दहावीच्या पेपरात नेमका त्रिकोण आला तो पीक्यूआर. बीजगणितानं हात दिला म्हणून वाघ काठावर पास झाला, आणि पुढं जन्मभर ही गोष्ट त्यानं कुणाच्या कानावर पडू दिली नाही.

त्यांची एकुलती एक लेक शिवलीला नववीत होती, तेव्हाची ही गोष्ट. शाळा सेमी इंग्रजी. म्हणजे इतिहास मराठीतून आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून. तिनं इंजिनीयर व्हायचं हे ती पहिलीत असतानाच ठरलं होतं. तिला सोडून सगळ्यांना विचारून ठरलं होतं. "टाकीवाल्याची लेक धरण बांधणार," हे वाक्य शरणबसवांनी तयारच ठेवलं होतं, फक्त धरण यायचं बाकी होतं.

त्या वर्षी नववीला गणित शिकवायला आल्या गुर्रम मॅडम. पूर्व भागातल्या विणकराच्या घरातली बाई, घरात तेलुगू, वर्गात मराठी-इंग्रजीची मिसळ, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातला भूगोलही थांबायचा. या बाईची शिकवायची तऱ्हा जगावेगळी. त्या गणित आधी शिकवायच्याच नाहीत. फळ्यावर प्रश्न टाकायच्या, एका पोराच्या हातात खडू द्यायच्या आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. पोरगं चुकलं की बाकीच्यांनी "चूक, चूक" म्हणून ओरडायचं नाही. त्याला असं का वाटलं ते आधी विचारायचं. आणि तास संपताना दिवसभरातली सगळ्यात कामाची चूक निवडायची. फळ्याच्या कोपऱ्यात मॅडम लिहायच्या, 'आजची नामी चूक', खाली पोराचं नाव, आणि वर्गानं टाळ्या वाजवायच्या. थोड्याच दिवसांत पोरं त्या कोपऱ्यात नाव यावं म्हणून जीव टाकायला लागली.

शिवलीलाचं नाव पहिल्यांदा आलं ते 'ए प्लस बी होल स्क्वेअर'पायी. तिनं बेधडक लिहिलं, ए स्क्वेअर प्लस बी स्क्वेअर. असं का, विचारलं तर म्हणाली, दोघांनाही वर्ग मिळाला, कुणावर अन्याय नको. वर्ग हसला नाही. मागच्या बाकावरून मॅडम म्हणाल्या, बरं, ए तीन धर, बी चार धर. साताचा वर्ग एकोणपन्नास. तुझे नऊ आणि सोळा मिळून पंचवीस. मग चोवीस कुठं गेले?

त्या चोवीसनं पोरगीला झपाटलं. मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती व्हरांड्यातल्या फरशा मोजत बसली. सात बाय सातचा चौकोन धरला, त्यात एका कोपऱ्यात तिनाचा चौकोन, समोरच्या कोपऱ्यात चाराचा, आणि उरलेल्या फरशांचे दोन आडवे-उभे पट्टे तिला दिसले. तीन बाय चारचा एक, चार बाय तीनचा दुसरा. ती ओरडतच वर्गात आली. मॅडमनी तिला सगळ्यांसमोर चित्र काढायला लावलं, आणि त्या वर्गातलं एकही पोरगं ते सूत्र पुन्हा विसरलं नाही. घरी आल्यावर ती अव्वाला, म्हणजे आईला, म्हणाली, आज माझं नाव फळ्यावर आलं. अव्वा शेंगदाणे भाजत होती. बरं झालं म्हणाली आणि हात धुऊन बस म्हणाली. पोरगीला गणित आवडायला लागलंय, ही एवढी मोठी गोष्ट त्या घरात घडली आणि घरातल्या कुणाला तिचा पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो भलत्याच तोंडून. शिवलीलाच्या वर्गातल्या अजिंक्यचे पप्पा दुकानात टाकीचं झाकण न्यायला आले. यांचं मेडिकल आहे, आणि पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप हेच चालवतात. जाता जाता म्हणाले, तुमच्या शिवलीलाचं नाव सारखं फळ्याच्या कोपऱ्यात असतंय म्हणे, चुकीखाली. खरं म्हणजे अजिंक्य घरी रडत होता, की तिचंच नाव येतं आणि माझं एकदाही येत नाही. पण पप्पांनी अर्धंच ऐकलं होतं, आणि शरणबसवांनी त्या अर्ध्यातलंही अर्धंच ऐकलं. चूक, फळा, कोपरा, नाव. हातातलं टाकीचं झाकण खाली पडलं. चाळिशी ओलांडलेला, जीएसटी भरणारा माणूस, पण क्षणभर त्यांना देवळाच्या कट्ट्यावरचा तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

घरी त्यांनी जो तमाशा केला तो सांगण्यासारखा नाही. शिवलीला टाळ्यांचं सांगत होती, फरशांचं सांगत होती, वही आणून चित्र दाखवत होती. ऐकतोय कोण! शरणबसवांनी तिला समोर उभं केलं आणि बजावलं, "बिराजदारांचं नाव चुकीखाली येता कामा न्हाई. येत नसंल तर गप बस. हात वर करायचा न्हाई, फळ्याकडं जायचं न्हाई. कळलं?" पोरगी व्हय म्हणाली. तिला काय कळलं हे त्यांनी विचारलं नाही. बापानं ओरडावं आणि लेकरानं व्हय म्हणावं, एवढ्यात त्यांचं शिक्षण पुरं होत होतं.

त्यातच सहामाहीचे मार्क आले. गुर्रम मॅडमच्या पेपरात वहीतलं एकही गणित जसंच्या तसं नव्हतं. शिवलीलाला चाळिसात तेवीस. शेजारच्या तुकडीला घाडगे सर शिकवायचे. त्या तुकडीत पस्तिसाच्या खाली कुणी नाहीच. झालं! ग्रुपवर वणवा पेटला. घाडगे सर परीक्षेच्या आधी 'महत्त्वाचे प्रश्न' म्हणून जे देतात तेच पेपरात येतात, हे सगळ्या पालकांना ठाऊक होतं. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट, आपल्या पोरांना ते मिळत नाहीत हा केवढा अन्याय, असं म्हणून मंडळी पेटून उठली. भाजी घेताना वांगं दाबून बघणारी, वास घेणारी, देठ तपासणारी ही माणसं. पोराच्या गणितात मात्र वरचा आकडा बघून पिशवी भरतात.

सात-आठ पालकांचं शिष्टमंडळ निघालं, पुढं शरणबसव. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. मुख्याध्यापक कोरे सर कुठंतरी गेले होते म्हणून व्हरांड्यात थांबावं लागलं, आणि तेव्हा शरणबसवांनी खिडकीतून आपल्या लेकीचा वर्ग पाहिला. फळा खोडाखोडीनं भरलेला. एक पोरगा खडू घेऊन डोकं खाजवतोय. दुसरा त्याच्याशी वाद घालतोय. मॅडम शेवटच्या बाकावर हनुवटीला हात लावून बसलेल्या, आणि चूक समोर दिसत असून गप्प! शरणबसव मागं वळून पालकांना म्हणाले, बगा, पोरं शिकवायलीत आन् बाई बसून हाय; मग पगार पोरांना द्या की. पालक हसले. अजिंक्यच्या पप्पांनी तर ते ग्रुपवरही टाकलं. त्या वर्गात शिवलीला तिसऱ्या बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, ते मात्र यांच्यापैकी कुणाच्या नजरेत आलं नाही.

कोरे सर आले. हा गृहस्थ भला होता, पण पाठीला कणा लावायचं देव विसरला असावा. पालकांच्या भावनांचा आदर आहे, असं त्यांनी बसता बसता म्हटलं आणि उठता उठताही म्हटलं. मधल्या वेळात त्यांनी गुर्रम मॅडमना बोलावलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. फळ्यावरच्या नावाचा अर्थ सांगितला. एक दिवस तासाला येऊन बसा, म्हणाल्या. शरणबसव म्हणाले, दुकान कोण बघणार, आणि गणित काय बसून बघायची वस्तू आहे? मग मॅडमचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"बिराजदार, मार्कच पाहिजेत तर उद्या देते. चाळीसपैकी चाळीस. प्रश्न आदल्या दिवशी सांगितले की झालं, त्यात काय अवघड आहे? पण तुमची मुलगी सगळ्या वर्गादेखत उभी राहून 'मॅडम, मला असं वाटतं' म्हणायची. गेला आठवडाभर ती म्हणत नाही. हे एकदा गेलं ना, तर मला परत आणता येत नाही. कुठला क्लास लावूनही येत नाही."

बाई बोलली त्यातलं काहीतरी शरणबसवांना लागलं, खोल कुठंतरी लागलं, आणि म्हणूनच ते जास्त चिडले. मागं पालक उभे होते. वाघाला मागं फिरता येईना. ते म्हणाले, "वाटण्यावर मार्क देतंय का बोर्ड? आमाला मॅडम बदलून पाहिजे. बास."

दिवाळीनंतर गुर्रम मॅडमना पाचवीला पाठवलं आणि नववीच्या दोन्ही तुकड्या घाडगे सरांकडं आल्या. ग्रुपवर फुलांचे गुच्छ आले, जोडलेले हात आले. घाडगे सरांचा वर्ग म्हणजे बघत राहावं असा. टाचणी पडली तर ऐकू येईल. सर फळ्यावर लिहितात, पोरं वहीत उतरवतात, डाव्या बाजूला समास, उत्तराभोवती चौकट, आणि चौकटीखाली पट्टीनं दोन रेघा. का, असं कुणी विचारत नाही. एकदा एका पोरीनं विचारलं तेव्हा सर म्हणाले, ते परीक्षेला नाही. पालकांना हा वर्ग फार आवडला. आता गणित शिकवतायत असं वाटतंय, म्हणाले.

शिवलीलाही सुधारली. आधी घरात तिची जीभ थांबायची नाही. भाकरी गोलच का, टाकी उभीच का, चौकोनी का नको, असं अव्वाचं डोकं खायची. ते बंद झालं. गृहपाठ करताना ती आधी मागचं उत्तर बघायची, मग गणित करायची. जिथं मागं उत्तर नसेल तिथं पेन्सिलीनं लिहायची, खोडायची, अप्पांकडं यायची आणि विचारायची, हे बरोबर हाय का? शरणबसव चष्मा लावून वहीकडं बघायचे, गंभीर चेहरा करायचे आणि म्हणायचे, सरांना विचार, त्यांची मेथड येगळी असती. अव्वाला एकदा वाटलं की पोरगी गप्प गप्प असते. शरणबसव म्हणाले, वळण लागलंय. त्या दिवशी अव्वानं शिवलीलाच्या ताटात तूप जरा जास्त वाढलं.

वार्षिकला चाळिसात एकोणचाळीस आले. शरणबसवांनी दुकानात पेढे ठेवले. टाकी घ्या न घ्या, पेढा घ्या! एक मार्क कुठं गेला म्हणून त्यांनी घाडगे सरांना फोनही केला. चौकटीखालची एक रेघ राहिली होती. अजिंक्यच्या पप्पांना त्यांनी पेढा स्वतःच्या हातानं भरवला, कारण अजिंक्यला अडतीस होते.

आता पुढची पायरी. जुळे सोलापुरात एक फाउंडेशन क्लास निघाला होता; दहावीपासूनच इंजिनीयरिंगच्या प्रवेशाची तयारी करून घेणारा. फलकावर हसऱ्या पोरांचे फोटो, खाली त्यांचे क्रमांक. पण तिथं सरसकट घेत नव्हते, आधी लेखी चाचणी द्यावी लागायची. शरणबसवांना चाचणीची काय भीती! एकोणचाळीसवाली लेक आहे. शिवलीलानं एकदाच विचारलं, त्याचे महत्त्वाचे प्रश्न कुटं मिळतात? ते म्हणाले, तुला काय गरज हाय, तू आत जा आन् झेंडा लावून ये. पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी ते उपासावर ढकललं, सोमवार होता.

दोन दिवसांनी क्लासमधून बोलावणं आलं. शरणबसव लेकीला घेऊन गेले, कडक इस्त्री, खिशाला तेच दोन पेन. क्लासचे सर तरुण होते, अदबीनं बोलत होते. त्यांनी पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाले की ॲडमिशन देता येणार नाही. शरणबसव हसले. म्हणाले, सर, काहीतरी गफलत हाय, पोरीला शाळेत एकोणचाळीस हायत; एखाद-दुसरं गणित चुकलं असंल तर तेवढं बगा की.

"चुकलं असतं तर घेतलं असतं," सर म्हणाले. "आम्ही उत्तर बघतच नाही. पोरगं विचार कसा करतं ते बघतो. अर्धवट असू द्या, उलटं असू द्या, काहीतरी पाहिजे ना. हिनं काही लिहिलंच नाही."

शरणबसवांनी पेपर ओढून घेतला. वर नाव लिहिलेलं, सुरेख अक्षरात, शिवलीला शरणबसव बिराजदार. डाव्या बाजूला पट्टीनं समास. प्रश्नांचे क्रमांक एकाखाली एक, मधे नीट जागा सोडून. त्या जागांमध्ये काही नाही.

त्यांनी मान वळवली. लेक शेजारच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीखाली. त्यांना ओरडायचं होतं, पण परक्या माणसासमोर आवाज चढेना, आणि दुसरा आवाज त्यांच्याकडं नव्हता. हळूच विचारलं, काहीच येत न्हवतं का ग तुला?

"दोन-तीन येतील असं वाटत होतं की," शिवलीला म्हणाली. "पण बरोबर हाय का विचारायला तितं कुणी नव्हतं. मग कशाला लिहायचं, अप्पा?"

तिच्या आवाजात रडं नव्हतं, राग नव्हता. सांगितलेलं काम नीट केल्यावर लेकरू बापाकडं जसं बघतं तशी ती बघत होती. शरणबसवांनी पेपर पालथा केला, परत सुलटा केला, चष्मा लावून खिडकीच्या उजेडाकडं धरला. पोरगी नेमकी कुठं चुकली ते दिसलं असतं तर काहीतरी बोलता आलं असतं. सबंध पेपरात एकही चूक नव्हती.